अंगणातली खुर्ची

सौदीतल्या जेद्दाच्या हॉटेलात वेटरनं बिर्याणीची ताटं ठेवली आणि जाताना, बायका परक्या पुरुषांना दिसू नयेत म्हणून असलेल्या फॅमिली केबिनचा पडदा ओढून घेतला. मुकुंद म्हणाला, "पुढच्या सुट्टीत परत ग्रीसला जायचं का? त्याच बेटावर?" किशोरी लिंबू पिळत राहिली. गेल्या वर्षी, अथेन्सचं ऑलिंपिक उरकल्यावर, त्या बेटावरच्या एका साध्या घरगुती हॉटेलात ती दोघं आठवडाभर राहिली होती. मालकीण म्हातारी, तिची मुलं-सुना आणि आलेले पाहुणे संध्याकाळी अंगणात एकाच लांब टेबलावर जेवायचे. जेद्दात बरीच वर्षं काढलेल्या मुकुंदला परक्या पुरुषांच्या पंगतीत बायकोला बसवणं जमलं नाही. "इथं जेवण खोलीतच देतात," असं त्यानं पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं आणि दोघांची ताटं वर मागवली. खालचं हसणं वर ऐकू आलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. "खोलीच्या खिडकीतून अंगण दिसायचं," किशोरी आता म्हणाली. मुकुंदचा घास हातातच राहिला. "ती म्हातारी रोज स्वतःशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवायची. कुणी बसायला गेलं की नको म्हणायची आणि वर माझ्या खिडकीकडे बघायची." "मग बोलली का नाहीस?" "वाटलं, उद्या तरी तुम्ही म्हणाल, चल खाली. शेवटच्या संध्याकाळी तिनं ती खुर्ची उचलून आत नेली." मुकुंद उठला आणि त्यानं केबिनचा पडदा पूर्ण बाजूला सारला. समोर दुसऱ्या केबिनचा पडदा होता.