पाटलाचं नाव

वऱ्हाडावर नागपूरच्या लाटसाहेबाचा हुकूम चालायचा, तवाची गोष्ट. मोताळ्याकडचा कडूबा पैलवान किरिस्ताव झाला, म्हणून रंगराव पाटलानं कुऱ्हाड घालून त्याच्या बैलाचा पायच तोडला. एकेकाळी लोकाईची हाडं मोडणारा कडूबा, पण त्यानं बोटही उचललं नाही. फक्त रोज सकाळी ओट्यावर डोळे मिटून हात जोडायचा अन् पाटलाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायचा.

पाटलाच्या घशाखाली भाकर उतरेना. त्याले वाटलं, हा आपल्यावर करणी करून राह्यला. एका सकाळी तो काठी घेऊनच आला अन् प्रार्थनेले बसलेल्या कडूबाले झोडपत सुटला. डोकं फुटलं, रगत मिशीतून छातीवर आलं, काठी मोडली. कडूबाचे हात मात्र जोडलेलेच.

"मव्हं नाव घेणं बंद कर बे," पाटील धापा टाकत म्हणाला.

"बरं पाटील, केलं बंद." कडूबानं डोळे उघडले, हात सोडले अन् बाजूची लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली.

पाटील दोन पावलं मागं सरकला. "तू... तू मागत काय होता बे देवाले?"

"हेच की, प्रभू, रंगराव पाटील आज मह्या हातून मरू नये. आजवर ऐकलं त्यानं."

पाटील तिथंच मातीत गुडघ्यावर बसला.

"मंग घे ना गा नाव, कडूबाभाऊ. जरा मोठ्यानं घे."