अळणी नवस

श्रेया दहावी पास झाली त्या सालची गोष्ट. तिच्या बापाला, निमगाव केतकीच्या इंद्रजितला, मूत्रपिंडाच्या डोक्यावरची, प्रेशर वाढवणारी गाठ काढायला बारामतीच्या दवाखान्यात आत नेलं होतं. बाहेर बाकावर बायको स्वरूपा आणि आई प्रयागबाई.

दार उघडून भूल देणाऱ्या विनया मॅडम घाईनं बाहेर आल्या.

"गाठ निघाली. पण निघाल्यापासून प्रेशर कोसळलंय. बाटल्या चढवल्या, औषधं चालू आहेत, तरी वर येईना. खरं सांगा, पंधरा दिवस मीठ-पाणी भरपूर दिलं होतं ना?"

"रोज तांब्याभर खारं ताक," स्वरूपा म्हणाली. "माझ्या हातानं."

प्रयागबाई खाली बघत म्हणाल्या, "ते ताक गोठ्यात वासरू प्यायचं."

स्वरूपाला आधी कळलंच नाही.

"नरसिंहपूरच्या देवाला बोलले हुते मी. आपरेशन होईस्तवर लेक अळणी खाईल. लेकानं बी शब्द दिला. त्याचं जेवान मीच करत हुते. पिरेशरवाल्याला मीठ म्हंजी इखच की. ह्याचा बाप त्यानंच गेला."

"अहो, हे प्रेशर वेगळं!" मॅडमचा आवाज चढला. "ती गाठ शिरा आवळून धरते. गोळ्यांनी शिरा सैल करायच्या आणि मिठा-पाण्यानं भरायच्या, तेव्हा कुठं गाठ काढल्यावर माणूस तग धरतो. सगळं समजावलं होतं मी!" आणि त्या तशाच आत पळाल्या.

स्वरूपा सासूसमोर उभी राहिली. "रोज इचारत हुते, ताक पिलं का. तुमच्यादेखत! तोंड शिवलं हुतं तुमचं?"

"मला कुनी काय सांगितलं गं?" प्रयागबाईही उसळल्या. "डाक्टरीण समजावत हुती तवा भाईर बसवलं मला. म्हातारीला काय कळतंय, तूच म्हनलीस!"

म्हणाली होती. त्यानं स्वरूपाचा राग कमी झाला नाही, वाढला.

"आन् ह्यास्नी कळत न्हवतं? हे हुते की आत माझ्यासंगं!"

"कळत हुतं. म्हनला, आयेचं मन कशाला मोडायचं."

स्वरूपानं बंद दाराकडं पाहिलं. आत जावं आणि त्या माणसाला गदगदा हलवून उठवावं, असं तिला झालं.

दार पुन्हा उघडलं. मॅडमनी तोंडावरचं फडकं काढलं.

स्वरूपा सासूकडं वळली.

"फिटला नवस, आत्याबाई. आता चारा लेकाला मीठ."

इंद्रजित ज्येष्ठातल्या अवसेला, दुपारी गेला.