पहिला प्रोग्रॅम

ताईनं नवा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडला आणि मासिकात वाचून पहिला प्रोग्रॅम लिहिला. त्यानं नाव विचारायचं आणि नमस्कार म्हणायचं, बस्स.

आमचे भावजी दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात डोकावण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, पण नाक कायम वर.

"हे तर पोपटही बोलतो," म्हणत त्यांनी आपलं नाव टाइप केलं.

टीव्हीवर नमस्कार उमटला. त्याखाली आणखी एक ओळ आली. "पहिली बायको कुठंय?"

"हे मी लिहिलेलं नाही," ताई म्हणाली. "अहो, पहिली कोण?"

"फालतू डबडं!" भावजींनी कॉम्प्युटरची वायर उपटली. ओळ तशीच राहिली.

मग ते खुर्चीत बसले आणि त्या बंद कॉम्प्युटरवर त्यांनी एका बोटानं पहिलीसाठी टाइप केलं, "माफ कर."

टीव्हीवर त्यांचं एकेक अक्षर उमटत गेलं.