एका बांगडीत सहा भोकं

भांडगावच्या पतसंस्थेवर आम्ही दोघं बंदूकवाले, मी आणि महेंद्र. मी बारा वर्षं बारा बोअर खांद्यावर वागवली, आणि दरोडेखोर आले ते नेमके माझ्या सुट्टीच्या दिवशी. महेंद्रनं बार काढला, कोयतेवाले पळाले. गावानं त्याला शाल दिली, फेटा बांधला. त्याची बायको माया जो भेटेल त्याला सांगत सुटली, "तीस पावलांवरनं!"

माझ्या पोटात दुखायला लागलं. मी जाऊन पतसंस्थेच्या दारावरची भोकं बघितली. आमच्या काडतुसात सहा छर्रे. तीस पावलांवरून ते परातीएवढे पांगतात. इथं सहाही भोकं एका बांगडीत मावत होती. म्हणजे चार पावलं, फार तर पाच. सापडला खोटारडा!

मी त्याला गाठलं. "तीस पावलं व्हय रं? मग छर्रे पांगलं का न्हाईत?"

तो हळूच म्हणाला, "आप्पा, मायाला सांगू नगा. कोयता पार मानंजवळ आलता. कोयतेवाल्याच्या कानाजवळनं बार दारात घातला. तिला कळलं तर नोकरी सोडाय लावंल."

संध्याकाळी पारावर कोंडिबा आबांनी शंका काढली, "तीस न्हाई वाटत मला. पोरगं कोयत्याच्या तोंडाशी उभं असणार."

मी ताडकन म्हणालो, "तीस म्हंजी तीस! म्या सोता मोजल्यात."

महेंद्रनं मला लांबूनच हात जोडले. खुळा! खरं सांगितलं असतं तर गावानं त्याची मिरवणूक काढली असती, आणि ती मला बघावी लागली असती.