सरांचं अक्षर

१९८८ सालची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई पोलादी भांड्यातली हवा उपसून, आत वायूचा जांभळा प्लाझ्मा पेटवून, काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा थर चढवत. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांना तो आरशासारखा गुळगुळीत हवा असे. त्या दिवशी बाईंनी वायूचा दाब मुद्दाम वाढवला आणि थर आला खडूसारखा पांढरा.

"अहो बाई, ही काय चाळण करून ठेवलीत?" सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र टेबलावर आपटत सर ओरडले.

"सर, कण फार बारीक आलेत, मध्ये पोकळ्या राहिल्यात. त्यांतून वायू आत शिरेल, कशाला तरी उपयोग होईल. मी यावर शोधनिबंध लिहून काढू का?"

"तुम्ही बटणं दाबा. लिहायला आम्ही आहोत." आणि हिऱ्याच्या टोकाची लेखणी घेऊन त्यांनी पट्टीच्या पाठीवर सहीनिशी कोरलं : 'बाईंची चूक. फेकून द्या.'

बाईंनी ती फेकली नाही, डब्यात ठेवली. नऊ वर्षांनी जगाला अशाच सच्छिद्र थरांचं वेड लागलं, तेव्हा सर मधाळ आवाजात म्हणाले, "बाई, आपली ती पट्टी आहे ना हो?"

आपली!

पुढे त्याच पट्टीवरच्या थरासाठी सरांना मोठा पुरस्कार मिळाला. भाषणात त्यांनी हवा उपसणाऱ्या पंपाचेसुद्धा आभार मानले, बाई तेवढ्या राहून गेल्या. पट्टी थराची बाजू पुढे करून दारासमोरच्या काचेच्या कपाटात विराजमान झाली. बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी कपाट स्वच्छ पुसून दिलं आणि पट्टी फक्त उलटी ठेवली. मागच्या पांढऱ्या थरामुळे सरांचं अक्षर आता दारातूनसुद्धा वाचता येतं.