घरचा आहेर

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच नवऱ्याने हात वर केला.

बैठकीची खोली गच्च भरली होती. भिंतीवर तिचा आलेख होता आणि आलेखाच्या मधोमध तिचा उंचवटा. या गटाचं काम म्हणजे हॅड्रॉनची खानेसुमारी. क्वार्क नावाचे मूलकण एकत्र येऊन बनलेले हे कण बहुतेक जन्मतात न जन्मतात तोच फुटतात, हाती लागतात ते फक्त तुकडे. ते जोडून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं, असं लाखो वेळा करून आलेख मांडायचा, आणि जिथे उंचवटा दिसेल तिथे कण आहे असं समजायचं. समजायचं, पण बोलायची घाई करायची नाही. सकाळी उगवलेले कितीतरी उंचवटे जेवणाच्या सुट्टीपर्यंत भुईसपाट होतात.

म्हणून गटाचा एक रिवाज होता. कुणाला उंचवटा सापडला की चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने तो उंचवटा पाडण्यासाठी जिवाचं रान करायचं. या खेपेला नाव निघालं तिच्या नवऱ्याचं. लोक हसून हसून बेजार झाले. गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे आजोबा म्हणत, दुसरी चिठ्ठी काढायला तयार होते. तीच नको म्हणाली. नवऱ्याने भीड धरली, तर तिचा कण जन्मभर ‘नवऱ्याने पास केलेला’ म्हणून मिरवला असता. आणि त्याने खरोखरच पाडला तर? इतकी वर्षं दुसऱ्यांचे उंचवटे मोजण्यात गेली होती. हा पहिला तिचा स्वतःचा होता, आणि तिचा त्याच्यावर जीव जडला होता.

“विचार,” ती म्हणाली.

“हे तुकडे तू केऑन म्हणून धरलेस. ते केऑनच आहेत कशावरून?”

“त्यात पायॉन मिसळले नाहीत ना, ते तपासलंय. मागच्याच चित्रात आहे.”

“पायॉनचं झालं. प्रोटॉनचं काय?”

प्रोटॉनचं तिने तपासलंच नव्हतं. केऑन, पायॉन, प्रोटॉन, तुकड्यांच्या या तिन्ही जातींच्या वाटा यंत्रात तिळ्या भावंडांसारख्या दिसतात. प्रोटॉनला केऑन समजून मोजलं, तर एखादा जुनाच, ओळखीचा कण भलत्याच जागी डोकं वर काढतो आणि नवा म्हणून भाव खातो. हे ती नव्या विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावून सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

“याला म्हणतात घरचा आहेर,” आजोबा खुशीत म्हणाले. “बाई, आत्ताच करून बघा. आम्ही थांबतो.”

तिला नवऱ्याचा सडकून राग आला. घरी कानात सांगता आलं नसतं का? पण घरात या विषयाचं नाव काढायचं नाही, हे तिनेच ठरवलं होतं. तेव्हा राग गिळून तिने संगणक पुढे ओढला आणि प्रोटॉन असण्याचा संशय असलेली सगळी मंडळी गाळून टाकली.

भिंतीवरचा आलेख पुसला गेला आणि नव्याने भरू लागला. उजवीकडची सगळी गर्दी ओसरली. उंचवटाही खाली आला, आणखी खाली आला.

“गेला,” मागून कुणीतरी हळहळलं.

पण तो एका जागी थांबला. आजूबाजूचं रान साफ झालं होतं, आणि मधोमध तो उभा होता. आधीपेक्षा बुटका, पण सडसडीत आणि असा स्वच्छ की त्याला आता कुणी दुसरं नाव देऊच शकलं नसतं. इतका देखणा तो आधी कधी नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं.

आजोबांनी नवऱ्याकडे पाहिलं. “अजून काही आक्षेप?”

“घरी भरपूर आहेत,” तो म्हणाला. “इथले संपले.”

खोलीभर हशा पिकला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी चहाच्या नावाने ओरडलं. त्या गलक्यात ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“प्रोटॉनचं तुला कधी सुचलं?”

“काल संध्याकाळी.”

“म्हणजे रात्री करूनही पाहिलं असशील. टिकणार हे तुला ठाऊक होतं.”

“नाही पाहिलं.”

“का?”

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“पडलेला दिसला असता, तर तुझ्याशेजारी झोपलो असतो कसा?”