लग्नाच्या कॅमेऱ्यातला ऑफसाइड

भरवेलीच्या खाणीची काळी धूळ. ताडपत्रीखाली थंड झालेले समोसे. कुणाच्या तरी लग्नातलं गाणं. वर गेलेली लाल झेंडी. समीक्षाने शेवटच्या मिनिटाला गोल मारला होता, पण लाइनमन ऑफसाइड म्हणत होता. जिंकणारा संघ जबलपूरला जाणार होता आणि एकोणीस वर्षांखालच्या संघात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पास सुटताना तिच्या पुढे गोलकीपरशिवाय समोरच्या संघातली आणखी एक जण असेल, तरच गोल धरणार होते. यंदा आयोजकांनी टीव्हीवरच्यासारखी व्हिडिओ तपासणी ठेवली होती. त्यासाठी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या प्रेमलालला मंचावर उभं केलं होतं. रेफरी त्याच्या कॅमेऱ्यावर वाकला. पडदाभर समीक्षाच दिसली: उडणारे केस, कपाळावरचा घाम. "बाकीच्या पोरी कुठं हायेत, भाऊ?" ती ओरडली. "मी तुह्यावरच झूम केलतं ना बाई. लग्नात नवरी फ्रेमबाहेर गेली का घरचे मले सोडत नाई." कुणीतरी हसलं. "मी नवरी हाय का? मांगं घे. अजून मांगं घे!" प्रेमलालने पुन्हा पुन्हा मागे घेतलं. दर वेळी तीच दिसली, एकटी. तिने रेफरीची बाही धरली. "सर, तुम्ही तरी पाह्यलं असन ना?" "बेटी, इसमें कुछ दिखता ही नहीं. झंडी ही मानूंगा." त्याने शिट्टी वाजवली. पास सुटला तेव्हा समोरच्या संघातली एक पोरगी बुटाची नाडी बांधत गोलकीपरच्या शेजारीच थांबली होती.